कारखान्याच्या आवारातलं पावसाचं पाणी कसं गाळायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान एमआयडीसीतल्या लहान-मध्यम कारखान्यांसाठी आहे. तिथे स्वतंत्र पर्यावरण विभाग नसतो, आणि हे काम मेंटेनन्सच्या माणसाकडे किंवा थेट मालकाकडेच येतं. प्रक्रियेतलं सांडपाणी हा वेगळा विषय आहे. इथे बोलायचं आहे ते छतावर, रस्त्यावर, यार्डात पडून गटारात जाणाऱ्या पावसाबद्दल.

पावसाचं पाणी स्वच्छच असतं ना? ते गाळायचं कशाला?

ढगातून येतं तेव्हा ते बऱ्यापैकी स्वच्छ असतं. पण आपल्याकडे ऑक्टोबर ते मे असे सात-आठ महिने आवारात जे सांडतं ते तिथेच बसून राहतं आणि जूनमध्ये एकदम उचललं जातं. भोसरी-चाकणच्या मशिन शॉपबाहेर ते म्हणजे कुलंटने (धातू कापताना वापरतात ते तेल मिसळलेलं पाणी) माखलेली बर (धातूचा कीस), हायड्रॉलिक तेल आणि टायरची पूड. कोल्हापूरच्या शिरोली भागातल्या फाउंड्रीत वाळू, बेंटोनाइट (साच्याच्या वाळूत घालतात ती चिकणमाती) आणि कोळशाची भुकटी. प्लेटिंग आणि गॅल्वनायझिंगच्या युनिटबाहेर जस्त, निकेल, क्रोमियम. लोटे, महाड, तारापूरच्या रसायन कारखान्यांत लोडिंगच्या जागी फाटलेल्या गोणीतून सांडलेली पावडर आणि ड्रमच्या झाकणावरून आलेले ओघळ. रेडीमिक्स प्लांटमधून वाहणाऱ्या पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) ११ च्या वर जाऊ शकतो. साखर कारखान्यात उघड्यावर पडलेला बगॅस (उसाचा चोथा) आणि प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) विषारी नसतो, पण नाल्यात कुजताना पाण्यातला प्राणवायू खेचून घेतो आणि मासे गुदमरतात.

छतही यातून सुटत नाही. गॅल्वनाइज्ड पत्र्यांवरून येणाऱ्या पाण्यात जस्त उतरतं. कोकणात खाऱ्या हवेने पत्रे लवकर खातात, तिथे ते जास्त. माणसाला एवढ्या जस्ताने काही होत नाही, माशांना होतं. त्यातही पावसाळ्यात ओढ्यांचं पाणी मृदू म्हणजे कमी क्षाराचं असतं, आणि मृदू पाण्यात जस्त-तांब्यासारखे धातू माशांना अधिक बाधतात.

सगळा पाऊस सारखाच घाण असतो का?

नाही, आणि नियोजनाच्या दृष्टीने हाच सर्वांत उपयोगाचा मुद्दा आहे. सर्वांत वाईट पाणी वळवाचं. मे महिन्यात संध्याकाळी अर्धा-पाऊण तास कोसळून जाणारी ती सर आठ महिन्यांचा मळ घेऊन जाते, आणि ओढ्यात तेव्हा पातळ करायला जवळजवळ पाणीच नसतं. नद्यांमध्ये मासे मेल्याच्या बातम्या मे-जूनमध्ये येतात त्यामागचं हे एक कारण आहे. नंतर संततधार लागली की त्याच आवारातून येणारं पाणी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कितीतरी निवळ असतं. मध्ये आठवडा-दोन आठवडे उघडीप पडली, गाड्या फिरल्या, सांडलं-लवंडलं, की पुढच्या सरीचं पाणी पुन्हा काळं.

प्रत्येक सरीतही हाच क्रम दिसतो. पहिल्या १० मिलिमीटरच्या आसपास बरीचशी सुटी घाण निघून येते. तेवढं पाणी वेगळं धरता आलं तर निम्म्याहून अधिक काम झालं असं मी धरतो. याला एक अपवाद आहे. मोठ्या, उघड्या, मातीच्या यार्डात माती सुटतच राहते. तिथे शेवटच्या सरीपर्यंत पाणी गढूळ येतं आणि पहिलं पाणी धरून भागत नाही.

एवढा पाऊस पडतो, सगळं समुद्राला जातं. पातळ झाल्यावर काय बिघडतं?

पातळ झालं तरी घटकाचं एकूण वजन तेवढंच राहतं. धातू नाहीसे होत नाहीत. ते गाळाला चिकटून खाडीच्या चिखलात बसतात, आणि त्याच चिखलात खेकडे, कालवं, कोळंबी वाढतात. खाडीत भरतीचं पाणी दिवसातून दोनदा आत येतं, त्यामुळे आलेला गाळ सरळ समुद्रात निघून जाईल असं नसतं. दाभोळ किंवा रोह्याच्या खाडीवर पोट असलेल्या माणसाला "पातळ झालं" हे उत्तर आपण देऊ शकत नाही.

काही रसायनं तर अगदी थोड्या प्रमाणातही घातक ठरतात. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या ओढ्यांमध्ये पाऊस पडला की कोहो सॅमन मासे अंडी घालण्याआधीच मरत. बरीच वर्षं कारण सापडत नव्हतं. ते २०२० मध्ये सापडलं. टायर टिकावेत म्हणून रबरात घालतात त्या एका रसायनापासून हवेतल्या ओझोनच्या संपर्काने तयार होणारा पदार्थ रस्त्यावरच्या पाण्याबरोबर ओढ्यात येत होता. या गोष्टीचा दुसरा भाग आशादायक आहे. तो पुढे वनस्पतींच्या प्रश्नात येईल.

कायद्याने हे बंधनकारक आहे का?

जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ च्या कलम २४ प्रमाणे कोणताही प्रदूषक पदार्थ ओढ्या-नदीत, विहिरीत किंवा जमिनीवर जाणूनबुजून जाऊ देता येत नाही. तो पावसाबरोबर गेला, ही सबब ठरत नाही. शिवाय महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात (कारखाना चालवायला मंडळ देतं त्या परवानगीत) पावसाळी पाण्याची गटारं सांडपाण्यापासून वेगळी ठेवण्याची अट सहसा असते. आपलं संमतिपत्र काढून ती अट एकदा शब्दशः वाचा. अनेकांनी ते फाइलला लावल्यानंतर उघडलेलंच नसतं.

आकडे हवे असतील तर पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ च्या सहाव्या अनुसूचीतल्या सर्वसाधारण मर्यादा हाताशी ठेवा. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात निलंबित घनपदार्थ (पाण्यात तरंगत राहणारे कण) लिटरला १०० मिलिग्रॅम, तेल-ग्रीस १०, सीओडी (घाणीच्या रासायनिक विघटनाला लागणारा प्राणवायू) २५०, बीओडी (जिवाणूंना ती कुजवायला लागणारा प्राणवायू) ३०, जस्त ५, शिसं ०.१ आणि सामू ५.५ ते ९. तुमच्या संमतिपत्रात याहून कडक आकडे असतील तर तेच पाळायचे.

अमेरिकेत औद्योगिक आवारातल्या पावसासाठी १९९० पासून स्वतंत्र परवाना पद्धत आहे. तिथे कारखान्याला स्वतःची लेखी योजना करावी लागते: कुठे काय सांडू शकतं, पाणी कोणत्या बाजूने वाहतं, कोण काय तपासणार. आपल्याकडे असा कागद कोणी मागितला नाही तरी करून ठेवा. आवाराच्या नकाशावर उताराचे बाण काढायला एक दुपार पुरते, आणि त्या दुपारी अशा गोष्टी कळतात ज्या वीस वर्षं तिथे काम करणाऱ्यालाही ठाऊक नसतात.

बरं, मग कोणता फिल्टर घेऊ?

आत्ताच कोणताही घेऊ नका. हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो आणि याचं उत्तर लांबलचक आहे, कारण बहुतेकांचे पैसे इथेच वाया जातात.

गाळणी ही शेवटची पायरी आहे. त्याआधी पाऊस आणि घाण यांची गाठ पडू नये हे पाहायचं. उघड्यावरचे ड्रम शेडखाली घ्या. शेड शक्य नसेल तर निदान कट्ट्यावर, बांध घालून, ताडपत्रीखाली. भंगाराचा डबा झाकणाचा घ्या, आणि त्याच्या बुडाला भोक असेल तर बुजवा. कुलंट लागलेली बर उघड्या ट्रॉलीत ठेवली की पहिल्या सरीत दुधाळ पाण्याचा पाट थेट गटारात जातो. ती ट्रॉली छपराखाली नेली आणि खाली निथळणारं कुलंट धरायला ट्रे ठेवला, तर ते कुलंट परत वापरातही येतं. डिझेल जनरेटरच्या टाकीभोवतीचा बांध तपासा. त्यात साचलेलं पावसाचं पाणी सोडायला व्हॉल्व्ह असतो, तो कायम उघडा राहिलेला मी पुष्कळ ठिकाणी पाहिला आहे. उघड्या व्हॉल्व्हचा बांध असून नसल्यासारखा.

त्यानंतर झाडणं. पाण्याने धुणं नव्हे, कोरडं झाडणं. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा आणि वळवाआधी, म्हणजे मेच्या पहिल्या पंधरवड्यात, एकदा कसून. गटारांतला गाळही तेव्हाच काढायचा आणि काठावर ढीग न लावता उचलून न्यायचा, नाहीतर पहिला पाऊस तो परत आत घालतो. तेल सांडलं तर त्यावर लाकडाचा भुसा किंवा शोषक टाका आणि गोळा करा. होजपाइप लावू नका. होजपाइपने धुतलेलं यार्ड दिसायला छान दिसतं, पण ती सगळी घाण ऐन उन्हाळ्यात, नाल्यात पाणी नसताना, खाली पोहोचलेली असते.

मग पाण्याची विभागणी. छताचं तुलनेने स्वच्छ पाणी पन्हाळीतून थेट वेगळ्या गटारात न्या. कर्मचाऱ्यांचं पार्किंग, बाग, मोकळी जागा हे वेगळं. उरतो तो लोडिंगचा, भंगाराचा, ड्रमचा, इंधनाचा भाग. तेवढ्याला भोवती उंबरठा करून, बाहेरचं पाणी आत आणि आतलं बाहेर जाऊ न देता, एकाच चेंबरमध्ये आणा. हे सगळं झाल्यावर फिल्टर केवढा लागतो ते पाहा. बहुतेक वेळा तो आधी मनात धरलेल्याच्या दहाव्या हिश्श्याचा निघतो.

टाकी केवढी लागेल? हिशेब कसा करायचा?

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एवढं लक्षात ठेवलं की बाकी गुणाकार.

समजा आवार ४,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ एक एकर, आणि सगळं काँक्रीट किंवा छत. पडलेल्यातलं ९० टक्के पाणी वाहतं असं धरा. पहिले १० मिलिमीटर धरायचे तर ३६,००० लिटर होतात, म्हणजे दहा हजारी टँकरचे साडेतीन-चार टँकर. तासाला ५० मिलिमीटर वेगाने पाऊस कोसळला तर तासाला १८० घनमीटर पाणी येतं. मुंबईची नवी पावसाळी गटारं याच वेगाच्या पावसासाठी आखलेली आहेत आणि जुनी त्याच्या निम्म्या वेगासाठी होती, त्यामुळे आपल्याकडे ही काही अतिशयोक्ती नाही.

आता वाळूचा प्रेशर फिल्टर तासाला दर चौरस मीटरमागे साधारण १० घनमीटर पाणी गाळतो. वाहतं पाणी थेट गाळायचं म्हटलं तर १८ चौरस मीटरचा फिल्टर लागेल, जो वर्षातले मोजके तास चालेल. त्याऐवजी ते ३६,००० लिटर टाकीत धरून २४ तासांत सावकाश गाळले तर तासाला दीड घनमीटर होतं. त्याला सुमारे ४५ सेंटिमीटर व्यासाचं साधं उभं भांडं पुरतं. म्हणून आधी साठवा, मग गाळा.

आणि वरची विभागणी केली असेल तर? त्याच एकरातला खरोखर घाण भाग ३०० चौरस मीटर निघाला, तर १० मिलिमीटरचं पाणी ३,००० लिटरसुद्धा होत नाही. हजार लिटरच्या तीन टाक्यांत काम भागलं. लहान कारखानदाराला परवडणारा मार्ग हाच आहे, दुसरा मला दिसत नाही.

टाकी पुढच्या सरीआधी रिकामी व्हायला हवी, हे मात्र विसरू नका. पुण्याच्या पूर्व भागात दोन सरींमध्ये दिवस जातात. कोकणात हंगामाला तीन हजार मिलिमीटर आणि त्याहून जास्त पडतो, तोही सलग. तिथे पहिलं पाणी धरून झाल्यावर पुढचं आपोआप बाजूने जाईल अशी रचना हवी. यात भरलेल्या टाकीतलं घाण पाणी ढवळून बाहेर पडता कामा नये. बाजूची वाट टाकीच्या आधी फुटायला हवी, टाकीच्या तोंडावरून सांडून नव्हे.

साध्या गाळ टाकीत पाणी निवळत नाही. का?

कण फार बारीक असतात म्हणून. ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण एक मीटर खाली बसायला दोन मिनिटं घेतो. त्याच्या दहाव्या हिश्श्याचा, म्हणजे १० मायक्रॉनचा, गाळाचा कण तीन तास घेतो. दोन मायक्रॉनचा चिकणमातीचा कण तीन दिवस. तेही पाणी अगदी स्थिर असेल तर. धातू आणि तेल याच बारीक कणांना जास्त चिकटतात, त्यामुळे तळाशी जाड वाळू साचलेली पाहून समाधान मानू नये.

उपाय म्हणजे पाण्याला जास्त वेळ देणं, टाकीत आडव्या भिंती घालून वाट लांबवणं किंवा तुरटी वापरणं. गावाकडे गढूळ पाण्यात तुरटी फिरवत ते तत्त्व इथेही चालतं, पण मात्रा प्रयोगशाळेत जार टेस्ट करून (बरण्यांत वेगवेगळी मात्रा घालून पाहून) ठरवा आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचा सामू पाहा. तुरटीने तो उतरतो.

ऑइल सेपरेटर बसवला आहे. तरी पाणी दुधाळ येतं.

सेपरेटर वर तरंगणारं सुटं तेल धरतो. जुन्या धाटणीचे सेपरेटर १५० मायक्रॉनपेक्षा मोठ्या थेंबांसाठी आखलेले असतात. पन्हाळी प्लेटांचे त्याहून लहान थेंब धरतात. पण मशिन शॉपमधलं कुलंट हे मुळातच पाण्यात मिसळून राहावं म्हणून बनवलेलं तेल आहे. ते सेपरेटरमधून जसंच्या तसं बाहेर पडतं. साबणाने यार्ड धुतलं तरी हेच होतं, कारण साबण तेलाचे थेंब फोडून पाण्यात धरून ठेवतो. म्हणजे सेपरेटरच्या वरच्या बाजूला डिटर्जंट वापरायचा नाही आणि कुलंट पावसात येऊच द्यायचं नाही. आलंच तर ते ईटीपीचं (कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेचं) काम आहे, पावसाळी गाळणीचं नव्हे.

वरचा तेलाचा थर वेळेवर काढला नाही तर मोठ्या पावसात तोच उसळून नाल्यात जातो, हेही सांगून ठेवतो.

विरघळलेले धातू वाळूने अडतात का?

नाही. वाळू फक्त कण अडवते. विरघळलेल्या जस्त-तांब्यासाठी धातू धरून ठेवणारं भरण लागतं: झिओलाइट (सच्छिद्र खनिज), पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला पालापाचोळा) किंवा चांगलं कंपोस्ट, लोहाच्या ऑक्साइडचा लेप दिलेली वाळू. सेंद्रिय रसायनं आणि रंगासाठी सक्रिय कोळसा (प्रक्रिया करून शोषण्याची ताकद वाढवलेला). दख्खनच्या काळ्या कातळातल्या पोकळ्यांत सुंदर झिओलाइट स्फटिक सापडतात आणि आपल्या भागातले नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत, पण गाळणीसाठी बाजारात मिळतो तो बहुधा क्लिनोप्टिलोलाइट जातीचा, दाण्यांच्या रूपातला. घेताना जात विचारून घ्या.

भरण निवडण्याआधी पाण्याची तपासणी हवीच. "सगळं काढतो" असं सांगणाऱ्या विक्रेत्याकडून तुमच्याच पाण्यावर चाचणी करून मागा. शिवाय धातू धरणारं भरण गाळाने लवकर लिंपतं, तेव्हा त्याच्या आधी वाळूचा थर किंवा गाळ टाकी हवी.

चुलीतला कोळसा, नारळाचा काथ्या असं देशी काही चालतं का?

काथ्या चालतो. कणांसाठी आणि थोड्या तेलासाठी तो चांगला आहे, कुजायला वेळ घेतो आणि कोकणात सहज मिळतो. नारळाच्या करवंटीपासून बनवलेला सक्रिय कोळसाही उत्तम. चुलीतला किंवा भट्टीतला साधा कोळसा मात्र सक्रिय नसतो. त्याची शोषण्याची ताकद फार कमी आणि पूड उलट पाणी काळं करते. दगडी कोळशाची राख तर नकोच, तिच्यातच धातू असतात.

झाडं लावून पाणी शुद्ध करता येतं म्हणतात. ते खरं का?

खरं आहे, आणि जागा असेल तर माझी पहिली पसंती त्यालाच असते. कोहो सॅमनच्या गोष्टीचा दुसरा भाग इथला. संशोधकांनी रस्त्यावरचं तेच मारक पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून गाळलं, आणि त्या गाळलेल्या पाण्यात मासे जगले. तिथे त्यासाठी साधारण ६० टक्के वाळू आणि ४० टक्के कंपोस्ट असं मिश्रण वापरतात.

आपल्याकडे करायचं तर रस्त्याकडेला किंवा कुंपणालगत लांबट खड्डा घ्या. तळाला खडी आणि भोकं पाडलेला पाइप, वर अर्धा ते एक मीटर वाळू-कंपोस्टचा थर, आणि वर पाणी साचायला वीतभर जागा. वाळा आणि कर्दळ ही दोन्ही झाडं पाय बुडालेले चालवून घेतात, आणि वाळा उन्हाळाही काढतो. पाणकणीस सतत ओल असेल तिथेच लावा. आपल्या हवामानातली खरी अडचण पावसाळ्याची नसून उन्हाळ्याची आहे. सात महिने कोरडा राहिलेला वाफा मरतो आणि जूनमध्ये नुसती माती उरते. एसटीपीचं (मैलापाणी शुद्धीकरण यंत्रणेचं) शुद्ध केलेलं पाणी त्याला उन्हाळ्यात दिलं तर प्रश्न सुटतो. कंपोस्ट पूर्ण कुजलेलं असू द्या. कच्चं घातलं तर पहिल्या हंगामात त्यातूनच नत्र आणि स्फुरद बाहेर येतं.

रसायन कारखान्यात अशा वाफ्याला तळाशी आणि बाजूंनी प्लास्टिकचं अस्तर हवं, म्हणजे पाणी जमिनीत न मुरता पाइपातूनच बाहेर येईल. त्याचं कारण पुढच्या उत्तरात.

गाळलेलं पाणी बोअरवेलमध्ये सोडून जलसंधारण करू का?

यार्डातलं पाणी कधीही नाही. छताचं पाणी, तेही जिथे छतावर धुराड्याची राख किंवा रसायनाची धूळ बसत नाही अशा कारखान्यात, टाकीत साठवून वापरा. नदी घाण झाली तर निदान दिसतं. भूजल घाण झालं तर शेजारच्या वाडीला ते कित्येक वर्षांनी कळतं, आणि तोवर तेच पाणी पिण्यात गेलेलं असतं. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर पाणी भराभर आत जातं आणि पायथ्याच्या झऱ्यांत, विहिरींत निघतं. देशावरच्या काळ्या मातीत ते सावकाश मुरतं, पण उन्हाळ्यातल्या भेगांमधून पहिलं, म्हणजे सर्वांत घाण, पाणी थेट खाली जातं. बोअर तर सरळ कातळाच्या फटींपर्यंत नेणारी नळी आहे. वाटेत गाळायला माती राहतच नाही.

सगळं पाणी ईटीपीत घेतलं तर?

ईटीपी रोजच्या ठरावीक पाण्यासाठी बांधलेली असते. अचानक दहापट पाणी आलं की जैविक टाकीतले जिवाणू वाहून जातात आणि पुढचे कित्येक दिवस रोजचं सांडपाणीही नीट शुद्ध होत नाही. अनेक कारखान्यांच्या सामुदायिक केंद्रातही (सीईटीपी) सगळ्या सभासदांचं पावसाचं पाणी एकाच दिवशी आलं की हेच होतं. पहिलं घाण पाणी टाकीत धरून, थोडं थोडं ईटीपीत देणं हा मात्र योग्य मार्ग आहे. सीईटीपीला देत असाल तर त्यांना आधी कळवा.

फिल्टर दोन पावसांत तुंबतो. दोष कुणाचा?

बहुधा देखभालीचा. गाळण्याचं यंत्र म्हणजे त्याच्यात घाण साचणारच. ती कुणी, कधी काढायची हे ठरलेलं नसेल तर तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी बायपास उघडतो आणि तो परतीच्या पावसापर्यंत उघडाच राहतो. म्हणून बायपासच्या व्हॉल्व्हला कुलूप आणि नोंदवही, दोन्ही असू द्या. जाळ्या दर मोठ्या पावसानंतर साफ करा. गाळ टाकीत एक तृतीयांश गाळ साचला की उपसा. वाळूवर आलेली चिकट साय पावसाळ्यात एकदा तरी दोन-तीन सेंटिमीटर खरवडून काढा आणि नवी वाळू टाका. फिल्टर अशा जागी बसवा जिथे माणूस उभा राहून काम करू शकेल. जड लोखंडी झाकणाखाली, अंधारात, कंबरभर पाण्यात उतरून साफ करायचा फिल्टर कुणीही साफ करणार नाही, आणि बंद चेंबरमध्ये वायू साचलेला असू शकतो म्हणून तसं कुणाला उतरवूही नये.

निघालेला गाळ आणि जुनं भरण कुठे टाकायचं?

तपासल्याशिवाय कुठेच नाही. त्यात तेल, धातू किंवा रसायनं असतील तर तो घातक कचरा ठरू शकतो आणि २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे त्याची नोंद ठेवून, ९० दिवसांच्या आत, अधिकृत केंद्राकडे तो पाठवावा लागतो. आपल्याकडे अशी केंद्रं तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरीला आहेत. तेलकट वाळू कुंपणाबाहेर टाकली तर वर्षभर केलेलं सगळं काम पुढच्या पावसात परत नाल्यात जातं.

आग लागली तर? अग्निशमनाचं पाणी यात मोडतं का?

मोडतं, आणि याची तयारी जवळजवळ कुणीच करत नाही. १ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमध्ये बासेलजवळ श्वाइत्सरहाले इथे सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली. आत शेकडो टन कीटकनाशकं आणि इतर रसायनं होती. आग विझवायला मारलेलं हजारो घनमीटर पाणी ती घेऊन पावसाळी गटारांवाटे ऱ्हाइन नदीत गेलं. नदी लाल झाली आणि शेकडो किलोमीटरपर्यंत ईल मासे मेले, लाखाच्या वर. आग विझवणाऱ्यांनी आपलं काम केलं होतं. आवारात ते पाणी अडवायला जागा नव्हती. त्यानंतर युरोपात रसायनांच्या गोदामांना अशा पाण्यासाठी तलाव बांधायला लावले गेले.

तुमच्याकडे ज्वलनशील किंवा विषारी साठा असेल तर आवाराबाहेर जाणाऱ्या प्रत्येक पावसाळी गटाराच्या तोंडाशी बंद करता येईल असं दार बसवा. साधं सरकतं लोखंडी गेटही चालतं. ते कुठे आहे हे रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकाला माहीत हवं, आणि त्याच्याकडून महिन्यातून एकदा ते खरोखर बंद करून घ्यायला हवं. गंजून बसलेलं दार आगीच्या रात्री सरकत नाही. पहिलं पाणी धरायची टाकी असेल तर तिचाही इथे उपयोग होतो.

नमुना कधी आणि कसा घ्यायचा?

निदान तीन दिवस कोरडे गेल्यावर आलेल्या पावसात, गटारातून पाणी वाहायला लागल्यापासून पहिल्या अर्ध्या तासात. पाऊस ओसरल्यावर सोयीने घेतलेला नमुना चांगला येतो आणि काहीच सांगत नाही. तेल-ग्रीससाठी रुंद तोंडाची काचेची बाटली, थेट प्रवाहातून भरलेली. बादलीत घेऊन ओतू नका, तेल बादलीला चिकटून राहतं. धातूंसाठी प्लास्टिकची बाटली चालते. कोणत्या बाटलीत कोणतं आम्ल घालायचं हे प्रयोगशाळा सांगते, म्हणून बाटल्या मेमध्येच आणून कपाटात ठेवा. पावसात धावपळ करून मिनरल वॉटरच्या बाटलीत नमुना घेण्यात अर्थ नाही.

प्रयोगशाळेशिवायही पुष्कळ कळतं. पारदर्शक काचेच्या बरणीत पाणी घ्या आणि उजेडाकडे धरा. रंग, तवंग, फेस, वास आणि तासाभरात तळाशी बसलेला गाळ पाहा, सामूची पट्टी बुडवा. तारखेसह फोटो काढून ठेवा. दर पावसाळ्याचे असे फोटो शेजारी ठेवले की सुधारणा होते आहे की नाही ते कुणालाही दिसतं.

आम्ही कारखानदार नाही, खालच्या गावात राहतो. पाऊस लागला की नाल्याला रंग आणि वास येतो. काय करावं?

पावसाआड साठवलेलं सांडपाणी सोडलं जातं ही गावकऱ्यांची तक्रार जुनी आहे, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. फरक ओळखायला एक खूण उपयोगी पडते. आवारातून वाहून आलेली घाण सरीच्या सुरुवातीला दाट असते आणि पाऊस चालू राहिला की विरत जाते. पाऊस चांगला दोन-तीन तास झाल्यावर, किंवा मध्यरात्री ठरावीक वेळेला, नाल्याचा रंग अचानक बदलला तर कुणीतरी काही सोडलं असण्याची शक्यता जास्त.

वेळ, जागा, रंग, वास, पावसाचा जोर हे सगळं वहीत लिहा आणि व्हिडिओ काढा. तो कोणत्या गटाराच्या तोंडाशी काढला ते दिसेल असा काढा. नाल्यात उतरू नका, पाण्याला हात लावू नका. लगेच महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला फोन करा आणि त्याच दिवशी ग्रामपंचायतीमार्फत लेखी तक्रार द्या. तुम्ही स्वतः घेतलेला नमुना माहितीसाठी उपयोगी आहे, पण न्यायालयात पुरावा म्हणून चालायला मंडळाच्या अधिकाऱ्याने जल अधिनियमाच्या कलम २१ मधल्या पद्धतीने, कारखान्याला सूचना देऊन नमुना घ्यावा लागतो. त्यामुळे अधिकाऱ्याला वेळेत तिथे बोलावणं हे तुमचं सर्वांत महत्त्वाचं काम. दोन-तीन पावसांच्या नोंदी हाती असल्या की कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोणत्या गटारापाशी यायचं ते तुम्ही त्यांना नेमकं सांगू शकता.